‘सापडले नाही’ आणि ‘पाहता आले नाही’ : लिनक्स डेस्कटॉपवर कोसळलेल्या पार्श्वप्रक्रियेच्या संदेशभाषेची चिकित्सा

बीजसंज्ञा : लिनक्स डेस्कटॉप, पार्श्वप्रक्रिया, त्रुटिसंदेश, अनुपलब्धी, स्थानिकीकरण

प्रास्ताविक

साहित्याच्या अध्यापकाने संगणकाच्या त्रुटिसंदेशांवर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु त्रुटिसंदेश हीसुद्धा एक संहिताच असते. तिला लेखक असतो, गृहीत धरलेला वाचक असतो, काय सांगायचे आणि काय झाकायचे याची निवड असते. जी संहिता रोज लक्षावधी माणसे वाचतात आणि जिच्या भरवशावर निर्णय घेतात, ती समीक्षेच्या कक्षेबाहेर ठेवण्याचे सबळ कारण दिसत नाही. प्रस्तुत लेखात लिनक्स डेस्कटॉपवर पडद्यामागे चालणारी एखादी प्रक्रिया कोसळली, तर ती घटना वापरकर्त्याला कोणत्या भाषेत कळते, किंबहुना कळते की नाही, एवढ्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. हा विचार सुचला तो एका लहानशा प्रसंगातून. म्हणून प्रथम तो प्रसंग नोंदवतो.

आमच्या विभागात जात्यावरील ओव्यांचे एक संकलन युनिकोडमध्ये टंकलिखित करून ठेवलेले आहे. एका विद्यार्थिनीने एम. ए. च्या लघुप्रबंधासाठी त्यात ‘मोट’ हा शब्द शोधला. पडद्यावर ‘काही सापडले नाही’ या अर्थाचे उत्तर आले. तिने आपल्या प्रकरणात लिहिले की, या संकलनात मोटेचा उल्लेख आढळत नाही. आणि त्यावरून पुढे असे अनुमान काढले की, ओवी ही घराच्या उंबरठ्याआतली रचना असल्याने शेतातील पुरुषांच्या कामाची अवजारे तिच्यात फारशी येत नाहीत. अनुमान आकर्षक होते, मांडणीही नेटकी होती. अडचण एवढीच, की मोटेची एक ओवी प्रस्तुत लेखकाने स्वतः टंकलिखित केलेली होती. तसे सांगताच ती म्हणाली, ‘सर, पण संगणकच नाही म्हणतोय.’

संगणक नाही म्हणत नव्हता. संगणकाने पाहिलेच नव्हते. फायलींमधील शब्दांची सूची तयार करणारा जो कार्यक्रम पडद्यामागे अखंड चालणे अपेक्षित असते, तो कित्येक दिवसांपूर्वीच कोसळलेला होता. संकलनाचा बराचसा भाग त्या सूचीत कधी दाखलच झाला नव्हता.

नाही म्हणण्याचा अधिकार

येथे सूचीची कार्यपद्धती थोडक्यात सांगावी लागेल. डेस्कटॉपवर आपण शब्द शोधतो तेव्हा संगणक त्या क्षणी सगळ्या फायली उघडून पाहत नाही; तसे केल्यास फार वेळ लागेल. ग्रंथालयात जसे आपण कपाटे न धुंडाळता आधी तालिकेची कार्डे चाळतो, तसाच तो आधी करून ठेवलेली सूची चाळतो. ही सूची करणारा कार्यक्रम वेगळा असतो. केडीई या डेस्कटॉपवर २०१४ पासून हे काम ‘बलू’ करतो. ग्नोम या डेस्कटॉपवर ते पूर्वी ‘ट्रॅकर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कार्यक्रमाकडे होते. २०२४ मध्ये त्याच्या दोन भागांना नवी नावे मिळाली आणि सूची करणारा भाग आता ‘लोकलसर्च’ म्हणून ओळखला जातो. तालिका लिहिणारा लेखनिक तिसऱ्या कपाटापाशीच मूर्च्छित पडला, आणि ग्रंथपालाला त्याचा पत्ताच नसला, तर चौथ्या कपाटातील ग्रंथाबद्दल चौकशी करणाऱ्याला काय उत्तर मिळेल? ‘असा ग्रंथ आमच्याकडे नाही.’ उत्तर देणारा प्रामाणिक आहे, तालिकाही खोटी नाही, तरी उत्तर असत्य आहे.

भारतीय ज्ञानमीमांसेने या प्रश्नाचा विचार फार सूक्ष्मपणे केलेला आहे. भाट्ट मीमांसकांनी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानले. प्राभाकरांनी ते नाकारले. नैयायिकांनी अभाव हा पदार्थ स्वीकारला, पण त्याच्या ज्ञानासाठी वेगळे प्रमाण मानले नाही. या वादाच्या तपशिलात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. मात्र एक अट त्या चर्चेत महत्त्वाची ठरते: अनुपलब्धी ‘योग्य’ असली पाहिजे. भूतलावर घट दिसत नाही, म्हणून घट नाही, असे म्हणता येते, पण केव्हा? प्रकाश असेल, डोळा धड असेल, आणि घट असता तर तो दिसलाच असता अशी परिस्थिती असेल तेव्हाच. अंधाऱ्या खोलीत घट न दिसणे हे घटाच्या अभावाचे प्रमाण नव्हे.

कोसळलेला सूचीकार म्हणजे अशी अंधारी खोली. डेस्कटॉपच्या शोधखिडकीवर माझा मूळ आक्षेप हा की, ती योग्य आणि अयोग्य अनुपलब्धी यांच्यात भेद करत नाही. ‘पाहिले, पण सापडले नाही’ आणि ‘पाहता आले नाही’ या दोन विधानांसाठी तिच्यापाशी एकच वाक्य आहे. सामान्य वापरकर्त्यासाठी ही गैरसोय आहे. संशोधकासाठी मात्र तो प्रमाणाचाच प्रश्न आहे, कारण संशोधनात ‘आढळत नाही’ हे विधान ‘आढळते’ या विधानाइतकेच जबाबदारीचे असते.

मौनाचा नियम आणि त्याचे जुळे भावंड

हे मौन अपघाताने आलेले नाही. लिनक्सने ज्या युनिक्स परंपरेचा वारसा घेतला, तिच्यात मौनाला सद्गुणाचे स्थान आहे. एरिक रेमंड यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘द आर्ट ऑफ युनिक्स प्रोग्रॅमिंग’ या ग्रंथात या परंपरेची सतरा सूत्रे मांडली. त्यातील एक मौनाचे आहे: कार्यक्रमाला अनपेक्षित असे काही सांगावयाचे नसेल, तर त्याने काहीही सांगू नये. दूरमुद्रकाच्या कागदावर एकेक अक्षर सावकाश उमटत असे, त्या काळात हा संयम व्यवहार्यही होता. परंतु त्याच सतरांत आणखी एक सूत्र आहे, त्याची आठवण कमी ठेवली जाते: अपयश टाळता येणारच नसेल, तर अपयश गाजावाजा करून आणि शक्य तितक्या लवकर पत्करावे. म्हणजे मौन हे यशाचे आहे, अपयशाचे नव्हे. डेस्कटॉपने पहिले सूत्र पाळले आणि दुसरे पडद्यामागे ढकलले.

पडद्यामागच्या या प्रक्रियांना ‘डीमन’ म्हणतात. हा शब्द एमआयटीच्या प्रोजेक्ट मॅकमध्ये १९६३ च्या सुमारास रूढ झाला, आणि मॅक्सवेलच्या विचारप्रयोगातील रेणूंची वर्गवारी करणाऱ्या डीमनवरून तो घेतला असे त्या प्रकल्पात काम केलेल्या फर्नांडो कोर्बाटो यांनी सांगितले आहे. सैतानाशी त्याचा संबंध नाही. न थकता, न दिसता काम करणारा सेवक एवढाच अर्थ त्यांना अभिप्रेत होता. आपल्याकडे कोकण-गोव्यातील राखणदाराची कल्पना याच्या बरीच जवळ जाते. मात्र राखणदाराला वर्षातून एकदा तरी मान द्यावा लागतो, त्याचे विस्मरण झाले तर तो ते जाणवून देतो, अशी श्रद्धा आहे. आपल्या डीमनला कोणी विचारत नाही, आणि तो गेला तरी गावाला कळत नाही.

एका मृत्यूचे तीन निवेदक

मौन हे पडद्यापुरते असते. आतील नोंदवहीत त्या घटनेचे तपशीलवार निवेदन होते, आणि कथनमीमांसेच्या दृष्टीने ते मोठे वेधक आहे. २०१० मध्ये जाहीर झालेली ‘सिस्टमडी’ ही व्यवस्था २०१५ पर्यंत डेबियन, उबुंटू आदी बहुतेक प्रमुख वितरणांत रुजली. तिच्या नोंदवहीचे नाव ‘जर्नल’. टर्मिनलमध्ये ‘जर्नलसीटीएल’ ही आज्ञा दिली की ती वाचता येते. एकाच कोसळण्याविषयी तिच्यात साधारणपणे तीन आवाज ऐकू येतात.

पहिला आवाज मृत कार्यक्रमाचा. तो शेवटच्या क्षणापर्यंत आपल्या कामाच्या ओळी लिहीत असतो आणि मग अचानक थांबतो. स्वतःच्या मृत्यूची हकिकत कोणालाच सांगता येत नाही, त्यामुळे येथे पुरावा असतो तो न लिहिलेल्या ओळीचा.

दुसरा आवाज कर्नलचा, म्हणजे यंत्रणेच्या गाभ्याचा. तो एकच ओळ लिहितो. तिच्यात कार्यक्रमाचे नाव, प्रक्रियेचा क्रमांक, ‘सेगफॉल्ट’ हा शब्द, एक पत्ता, षोडशमान पद्धतीतील काही संख्या आणि अखेरीस ‘एरर ४’ असे काहीतरी असते. विशेषण नाही, हळहळ नाही. पानिपतच्या पराभवाची वार्ता १७६१ मध्ये सावकारी पत्रातून मोती, मोहरा आणि खुर्दा अशा सांकेतिक शब्दांत पेशव्यांपर्यंत आली, ही गोष्ट मराठी वाचकाला परिचित आहे. कर्नलची ओळ त्याच जातीची आहे; संकेत जाणणाऱ्यालाच आघाताचे परिमाण कळते. पत्ता शून्य असेल तर अर्थ असा की, कार्यक्रमाने जिथे काहीच नसते अशा जागी हात घातला. बहुधा एखाद्या वस्तूचा ठावठिकाणा त्याने न तपासता खरा मानला. ‘एरर ४’ चा अर्थ असा की, वापरकर्त्याच्या पातळीवरील कार्यक्रम स्मृतीतील अस्तित्वात नसलेले पान वाचू पाहत होता. ४ च्या जागी ६ असता, तर तो वाचत नव्हता, लिहू पाहत होता. एका अंकाने वाचन आणि लेखन यांतील फरक सांगणारे गद्य काटकसरीचे म्हणावे लागेल.

तिसरा आवाज सिस्टमडीचा. हा कारकुनी निवेदक. मुख्य प्रक्रिया संपली, सिग्नल क्रमांक ११, स्मृतीची प्रत काढली, पुन्हा सुरू करण्याचे योजले, पुनरारंभाचा गणक अमुक. तशी तरतूद केलेली असल्यास तो सेवकाला पुन्हा उभा करतो, सेवक पुन्हा पडतो, तो पुन्हा उभा करतो. मूळ मांडणीत दहा सेकंदांत पाच वेळा सुरू करण्याची मर्यादा असते. ती ओलांडली की तो लिहितो, आरंभाची विनंती फार वेगाने पुन्हा पुन्हा आली, आणि नाद सोडतो. आमच्या संगणकावर नेमके हेच घडले होते. पाच आरंभ, पाच मृत्यू, त्यानंतर शांतता. त्या शांततेत आमची विद्यार्थिनी ‘मोट’ शोधत होती.

या तिन्ही निवेदनांत एक गोष्ट नसते: प्रयोजन. कोणत्या फायलीवर काम चालू असताना मृत्यू आला, हे यांपैकी कोणी आपणहून सांगत नाही. ते शोधायला स्मृतीच्या प्रतीकडे जावे लागते. या प्रतीला आजही ‘कोअर डम्प’ म्हणतात. संगणकाची स्मृती चुंबकीय कड्यांनी विणलेली असे, त्या काळाची ही खूण. ‘कोअरडम्पसीटीएल’ या आज्ञेने अशा प्रतींची यादी पाहता येते, आणि प्रत्येक नोंदीत मृत्युसमयी त्या प्रक्रियेने कोणत्या फायली उघडलेल्या होत्या याचीही टिपणी जपलेली असते. पडलेल्या लेखनिकाच्या हातात कोणती पोथी उघडी होती, ते पाहण्यासारखेच हे. आमच्या पाचही नोंदींत एकच फाइल उघडी आढळली. एका जुन्या नियतकालिकाच्या अंकाची ती पीडीएफ प्रत पेनड्राइव्हवरून उतरवून घेताना अर्धवट राहिली होती. तिचा शेवट नव्हता, आणि शेवट असणारच असे गृहीत धरून सूचीकार तो वाचायला जात होता.

न्यायासाठी येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. असे होऊ शकते याची जाणीव या क्षेत्रातील लेखकांना आहे. बलू आणि ट्रॅकर या दोहोंतही फाइल उघडून मजकूर काढण्याचे धोक्याचे काम मुख्य प्रक्रियेकडे नसून वेगळ्या प्रक्रियेकडे दिलेले आहे, म्हणजे सदोष फाइलीपायी पडला तर दुय्यम सेवक पडावा, मुख्य नव्हे. ज्या फायलींवर अपयश आले त्यांची नोंद ठेवण्याची आणि ती विचारून घेण्याची सोयही दोहोंत आहे. आमच्या संगणकावरील रचना एवढी सावध नव्हती. परंतु सावध रचनेतही ती यादी पाहण्यासाठी टर्मिनल उघडून योग्य ती आज्ञा द्यावी लागते. ज्याला प्रश्न पडला आहे त्यालाच उत्तर मिळते. आपल्या विद्यार्थिनीला प्रश्न पडलाच नव्हता. तिला तर उत्तर मिळालेले होते.

दिलगिरीची खिडकी

कधीकधी मौन मोडते आणि पडद्यावर खिडकी येते. या खिडक्यांचे गद्य स्वतंत्रपणे तपासण्याजोगे आहे. केडीईचा ‘डॉक्टर कॉंकी’ दिलगिरी व्यक्त करून अमुक कार्यक्रम अनपेक्षितपणे बंद झाला असे कळवतो. उबुंटूमध्ये २००६ पासून असलेली ‘अपोर्ट’ ही व्यवस्था यंत्रणेच्या कार्यक्रमात समस्या आढळल्याचे सांगते आणि अहवाल पाठवायचा का, असे विचारते. ग्नोमने २०११ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून एक पूर्ण पडदाच राखून ठेवला. त्यावर हिरमुसलेल्या चेहऱ्याचा संगणक आणि ‘अरेरे, काहीतरी बिघडले’ अशा अर्थाचा उद्गार असतो. यंत्रणा सावरू शकत नाही, बाहेर पडून पुन्हा प्रयत्न करावा, एवढेच पुढे सांगितलेले असते.

या तिन्हींत सौजन्य आहे आणि माहिती जवळजवळ नाही. ‘अरेरे’ हा उद्गार शेजारच्या माणसाने काढावा, हे समजू शकते. घर ज्याच्या ताब्यात आहे त्यानेच तो काढला तर ऐकणाऱ्याने काय करावे? ‘काहीतरी’ या सर्वनामाने तर सगळी जबाबदारी विरघळवून टाकली आहे. मराठीत अशी वाक्यरचना आपल्या परिचयाची आहे. ‘फाइल गहाळ झाली’ असे कार्यालयात म्हणतात, कोणी गहाळ केली ते येत नाही. संदेशलेखकाने कर्ता लपवला म्हणून तो अप्रामाणिक आहे असे नव्हे. बहुधा त्याला स्वतःलाही कर्ता ठाऊक नसतो. पण नोंदवहीतील निवेदकांना तो ठाऊक असतो, आणि खिडकी लिहिणाऱ्याने त्यांना विचारलेले नसते.

‘अनपेक्षितपणे बंद झाला’ या वाक्यावर माझा आक्षेप अधिक गंभीर आहे, कारण ते भेद बुजवते. सिग्नल ११ म्हणजे अपमृत्यू. कार्यक्रमाला आपली चूक कळलीही नाही. सिग्नल ६ म्हणजे आत्मत्याग; आपल्या आत काहीतरी विसंगत झाले आहे हे कार्यक्रमाने स्वतःच ओळखले आणि चुकीचे काम करत राहण्यापेक्षा थांबणे पसंत केले. सिग्नल ९ म्हणजे वध. कार्यक्रमाचा दोष असो वा नसो, स्मृती अपुरी पडल्याने कर्नलने त्याला संपवले असेल, किंवा एखाद्या माणसाने. या शेवटच्या प्रकारात स्मृतीची प्रतही काढली जात नाही, त्यामुळे कोअर डम्पच्या यादीत काही न सापडणे म्हणजे काही घडले नाही असे नव्हे. कर्नलच्या नोंदी स्वतंत्रपणे पाहाव्या लागतात. (अनुपलब्धीचा प्रश्न येथेही सुटत नाही.) अपमृत्यू असेल तर दोषाचे स्थान शोधायचे, आत्मत्याग असेल तर त्याआधी कार्यक्रमाने लिहिलेली शेवटची ओळ वाचायची, वध असेल तर कार्यक्रम सोडून स्मृतीचा हिशेब पाहायचा. तीन मृत्यूंच्या तीन चौकशा आहेत. अपमृत्यू आणि आत्मत्याग या दोहोंना खिडकी एकाच वाक्यात गुंडाळते. वधासाठी तिच्यापाशी बहुधा वाक्यच नसते.

अहवाल पाठवण्याचा प्रश्नही वाटतो तितका निरुपद्रवी नाही. स्मृतीच्या प्रतीत कार्यक्रम त्या क्षणी जे जे हाताळत होता ते सर्व असू शकते: उघड्या दस्तऐवजाचा मजकूर, क्वचित परवलीचा शब्दही. विद्यार्थ्यांचे गुण किंवा अप्रकाशित संशोधन ज्या संगणकावर आहे, तिथे ‘पाठवू का?’ या प्रश्नाला दिलेला होकार हा कशाला दिलेला होकार आहे, हे खिडकीने स्पष्ट केले पाहिजे.

यावर प्रचलित असलेला उपाय मात्र खिडकीपेक्षाही चिंताजनक आहे. संगणक जाणणाऱ्या कोणालाही विचारावे, तो बहुधा सांगतो की, क्रॅशच्या निर्देशिकेतील सगळे अहवाल पुसून टाका, किंवा अपोर्ट बंदच करा, म्हणजे खिडकी येणार नाही. खिडकी खरोखरच येत नाही. पंचनामा फाडला की खटला उरत नाही, तसे हे. सूचीकाराच्या बाबतीत याच धर्तीचा सल्ला म्हणजे सूची पुसून नव्याने करायला लावणे. सूची स्वतःच दूषित झाली असेल तर तो उपाय योग्य आहे, आणि तसे घडतेही. पण दोष एखाद्या फाइलीत असेल तर नवी सूची त्याच फाइलीपाशी येऊन पुन्हा कोसळणार. आम्हीही आधी नेमके हेच केले होते, हे कबूल केले पाहिजे. चौकशी सुरू झाली ती त्या उपायाने काही झाले नाही तेव्हा.

अनुवादाची सीमारेषा

आमचा संगणक मराठीतून चालतो. मेनू मराठी, फलक मराठी, ‘काही सापडले नाही’ हेसुद्धा मराठीत. या मराठीकरणामागे अनेकांचे निःस्वार्थ श्रम आहेत. भारतीय भाषांतील संगणकीय शब्दांना प्रमाणरूप देण्यासाठी २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘फ्यूएल’ प्रकल्पाने वारंवार दिसणाऱ्या शब्दांना प्राधान्य दिले. ‘वारंवार’ हा निकष समजण्यासारखा आहे. मनुष्यबळ थोडे असताना जे रोज दिसते ते आधी करावे. तथापि त्याचा एक परिणाम असा होतो की, भाषेची सीमारेषा सुस्थितीच्या सीमेवर आखली जाते. सगळे सुरळीत असेपर्यंत संगणक मराठी बोलतो. काही बिघडले आणि नोंदवही उघडली की तो इंग्रजीत शिरतो. नकार मराठीत मिळतो, नकाराचे कारण इंग्रजीत राहते. आमच्या विद्यार्थिनीचा संगणकाच्या नकारावर इतका विश्वास बसला, त्यात तो नकार तिच्या भाषेत आला होता याचाही वाटा असावा, असे मला वाटते.

सगळी नोंदवही मराठीत व्हावी, असा आग्रह मी धरणार नाही. दोष दुरुस्त करणारा माणूस ब्राझीलमध्ये किंवा पोलंडमध्ये असू शकतो. त्याला वाचता यावी म्हणून मूळ नोंद एकाच भाषेत राहणे सोयीचे आहे. परंतु सिस्टमडीने नोंदीपासून वेगळी अशी एक स्पष्टीकरणांची सूची केली आहे. ‘जर्नलसीटीएल’ला ‘एक्स’ हा पर्याय जोडला की नोंदीच्या खाली तिचा अर्थ समजावणारे दोन-चार वाक्यांचे टिपण येते. ही सूची अनुवादासाठीच वेगळी ठेवलेली आहे. फ्रेंच, रशियन, पोलिश, कोरियन या भाषांत तिचे अनुवाद झालेले आहेत, मराठीत नाही. ती फार मोठी नाही. एखाद्या भाषाविभागाला एका सत्रात पेलेल इतकीच आहे.

अर्थात अनुवादकाने येथे केवळ भाषांतर करून भागणार नाही. प्रक्रियेने कोअर डम्प केल्याच्या नोंदीखाली जे टिपण येते, त्याचा आशय असा: ही बहुधा कोसळणाऱ्या कार्यक्रमातील रचनादोषाची खूण असून ती त्याच्या विक्रेत्याला कळवावी. ज्या सॉफ्टवेअरची विक्रीच होत नाही, त्याचा विक्रेता कोण? मूळ इंग्रजी शब्द व्यापारातून उचललेला आहे; तिथे त्याची धार बोथट झाली असल्याने तो खपून जातो. मराठीत ‘विक्रेता’ असे लिहिले तर आमच्यासारखा वाचक संगणक ज्या दुकानातून घेतला त्या दुकानदाराकडे जाईल, आणि तो पुन्हा सगळे पुसून नव्याने बसवून देईल. ‘हा कार्यक्रम ज्यांनी तयार केला किंवा ज्या वितरणातून तो आपल्यापर्यंत आला त्यांना’ असे लांबलचक लिहिणे भाग आहे. ‘रचनादोष’ या शब्दाबाबतही हेच. आमच्या प्रकरणात दोष दोन होते, अर्धवट फाइल ही आमची चूक आणि ती गृहीत धरणे ही कार्यक्रमाची. टिपण फक्त दुसऱ्याचे नाव घेते. फाइल कितीही विद्रूप असली तरी वाचणाऱ्याने त्यापायी मरून पडू नये, ही कार्यक्रमलेखकांची नैतिक भूमिका मला मान्य आहे. पण वापरकर्त्याला आपल्या बाजूने काय तपासता येईल, हेही एखाद्या ओळीत यायला हवे.

आणि मुळात जे वाक्य हवे आहे ते नोंदवहीत नव्हे, शोधखिडकीतच हवे. ‘काही सापडले नाही’ याच्या खाली, सूची अपुरी असेल तेव्हा, ‘सर्व फायली पाहून झालेल्या नाहीत, सूची करणारा कार्यक्रम बंद आहे’ एवढे पुरे. सूचीकार जिवंत आहे की नाही हे सिस्टमडीला प्रत्येक क्षणी माहीत असते. तांत्रिकदृष्ट्या ही माहिती शोधखिडकीपर्यंत आणणे अवघड नाही. ती आणावी असे वाटणे हा संदेशलेखकाच्या वाचकविषयक कल्पनेचा प्रश्न आहे. आजचा संदेशलेखक असे धरून चालतो की, वाचकाला अपयशाच्या बातमीने त्रास होईल. चुकीच्या उत्तराने होणारा त्रास त्याच्या हिशेबात नाही, कारण तो त्रास पडद्यावर उमटत नाही; तो लघुप्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात उमटतो.

ती अर्धवट फाइल आम्ही बाजूला काढली. सिस्टमडीच्या लेखी ‘अपयशी’ ठरलेल्या सेवेची ती नोंद पुसून सेवा पुन्हा सुरू केली. सूची पूर्ण व्हायला दुपार गेली. संध्याकाळी ‘मोट’ या शब्दाला उत्तर आले; माझ्या आठवणीतील ओवी त्यात होतीच, शिवाय मला ठाऊक नसलेल्या दोन आणखी निघाल्या. विद्यार्थिनीने ते प्रकरण मागे घेतले. त्याच महिन्यात तिने आणखी बरेच शब्द शोधून त्यांच्यापुढे ‘आढळत नाही’ असे लिहून ठेवले होते. ती वही घेऊन ती आता पहिल्या शब्दापासून पुन्हा बसली आहे.